एसीतून गरम हवा येतेय? गॅस भरायच्या आधी एवढं बघून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की सात वर्षांची पेट्रोल गाडी, एसी गरम हवा फेकतो, दीड वर्षात दोनदा गॅस भरून झाला, दोन मेकॅनिकना बाहेरून काहीच दिसलं नाही, भरला की दोन-तीन महिने मस्त थंड आणि मग ये रे माझ्या मागल्या, आणि आता मेकॅनिक म्हणतो कॉम्प्रेसर गेला, नवीन टाका. टाकू का?

लगेच नको. कॉम्प्रेसर गेलेला असूही शकतो, मी नाहीच म्हणत नाही, पण तुम्ही जे लिहिलंय त्यातून मला तरी लिकेज दिसतंय. आतून खलास झालेला कॉम्प्रेसर नुसता गॅस भरला म्हणून तीन महिने थंड करत बसत नाही हो. गाड्यांच्या एसीचं काम करत वीस-बावीस वर्षं झाली आणि त्यात माझ्याकडे आलेल्या गाड्यांत सगळ्यात जास्त काय बघितलं असेल तर हेच, की कारण न शोधता गॅस भरलेला, परत भरलेला, आणि तिसऱ्यांदा भरायची लाज वाटली की कॉम्प्रेसरवर खापर.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. एसीचा गॅस म्हणजे पेट्रोल नाही, तो वापरून संपत नाही. बंद नळ्यांमधे तोच तो अर्धा किलो गॅस फिरत असतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमधे तो गरमी सोडून पातळ म्हणजे द्रव होतो, एक्सपान्शन व्हॉल्वच्या बारीक भोकातून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमधे फवारला जातो आणि तिथं उकळताना केबिनची गरमी शोषून घेतो, की परत कॉम्प्रेसर. कमी झाला म्हणजे कुठूनतरी बाहेर गेला, दुसरं काही कारणच नाही. आता रबरी पाइप आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील यातून वर्षानुवर्षं अगदी थोडा झिरपतो हे खरं, त्यामुळे आठ वर्षांच्या गाडीत एकदा गॅस थोडा कमी निघाला तर मी कुणाला दोष देणार नाही. पण दीड वर्षात दोनदा म्हणजे झिरपणं नाही, गळणंच.

तरीपण लगेच लिकेजच्या मागे पळू नका. तुम्ही नुसतं 'गरम हवा' लिहिलंय, आणि या दोन शब्दांत चार-पाच वेगवेगळे रोग लपलेले असतात. माझ्याकडे कुणी आलं की बोनेट उघडायच्या आधी मी प्रश्न विचारतो, लोक वैतागतात, पण निम्मं काम तिथंच होतं.

पहिला प्रश्न, हवा बाहेरच्या हवेइतकीच गरम आहे की तिच्याहूनही जास्त? हाताला दोन्ही सारखंच वाटतं म्हणून एक साधा थर्मामीटर डॅशबोर्डवर हवा येते त्या मधल्या जाळीत खुपसा. बाहेर ३३ आहे आणि जाळीतून ३३-३४ येतंय तर एसी काम करत नाहीये, ब्लोअर नुसता पंखा झालाय. पण बाहेर ३३ आणि जाळीतून ४५ येत असेल, तर एसीला शिव्या देऊ नका, ती गरमी इंजिनातून येतेय. हीटरचं कूलंट ज्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं तो डॅशबोर्डच्या आतच असतो, आणि किती हवा त्याच्यावरून जाऊ द्यायची हे ठरवणारा एक प्लॅस्टिकचा फ्लॅप असतो. तो फ्लॅप मधेच अडकला किंवा त्याला फिरवणाऱ्या छोट्या मोटरचा दात तुटला की थंड हवेत गरम हवा मिसळत राहते. डॅशबोर्डच्या आतून टक टक टक असा आवाज गाडी चालू केल्याकेल्या येत असेल तर बहुतेक हाच. बॅटरी काढून परत लावल्यावर काही गाड्यांत ही मोटर आपली जागा विसरते, मग ती परत शिकवावी लागते, पार्ट बदलायची गरज नसते.

याची फुकटातली परीक्षा सांगतो. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना गाडी चालू करा आणि लगेच एसी लावा. पहिली चार-पाच मिनिटं हवा चांगली थंड आणि जसा कूलंटचा काटा वर चढेल तसतशी हवा कोमट होत गेली, तर संशय हीटरवर घ्या. पहिल्या मिनिटापासूनच थंड नाही, तर संशय गॅसवर, कॉम्प्रेसरवर किंवा त्याच्या वायरिंगवर.

दुसरा प्रश्न, गरम कधी? चालत्या गाडीत थंड आणि सिग्नलला उभं राहिलं की गरम, हे ऐकलं की मी सरळ पुढच्या पंख्याकडे जातो. गाडी पळताना समोरून वारा मिळतो, उभी असताना कंडेन्सरला वारा देणारा फक्त पंखा. (थोडा गॅस कमी असला तरी लक्षण असंच दिसू शकतं, कारण आयडलला कॉम्प्रेसर हळू फिरतो, म्हणून एकाच लक्षणावर निकाल देऊ नका.) उलट, सुरुवातीला झकास थंड, अर्ध्या-पाऊण तासाने हवेचा जोरच कमी होत जातो आणि थंडावा पण जातो, एसी दहा मिनिटं बंद ठेवून लावला की परत ठीक, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. कॉइलला चिकटलेला सेन्सर शून्याच्या थोडं वर तापमान आलं की कॉम्प्रेसर थांबवतो, तो चुकीचं सांगायला लागला की कॉम्प्रेसर थांबतच नाही. चोंदलेल्या केबिन फिल्टरमुळेही बर्फ धरतो, म्हणून तो ग्लोव्हबॉक्सच्या मागून एकदा काढून बघाच, मी त्यातून पानं, केस आणि एकदा अख्खं उंदराचं घर काढलंय. आणि हवेचा जोर तसाच आहे पण अर्ध्या तासाने अचानक थंडावा गेला, तर क्लचकडे बघायचं, त्याचं पुढे सांगतो.

एक बारीक गोष्ट राहिली, आतलीच हवा फिरवायचं बटण म्हणजे रीसर्क्युलेशन. ते चालू न करता भर उन्हात 'थंड होत नाही' म्हणणारे पण येतात. बाहेरची तापलेली हवा सारखी आत घेत राहिलात तर कुठलाही एसी दमणारच.

आता बोनेट. हात घालायच्या आधी सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी सगळं लांब, आणि पुढचा पंखा कधीही आपोआप फिरायला लागतो हे लक्षात ठेवा. इंजिन चालू, एसी चालू, ब्लोअर जोरात. कॉम्प्रेसरच्या पुलीकडे टॉर्च मारा. बाहेरची पुली बेल्टने कायम फिरते, ती फिरतेय म्हणजे कॉम्प्रेसर चालू असं नाही. तिच्या मधोमध जी प्लेट असते, म्हणजे क्लचची प्लेट, ती एसी लावल्यावर 'टक' आवाज करून पुलीला चिकटली पाहिजे आणि तिच्याबरोबर फिरली पाहिजे. इथं तीन गोष्टी दिसू शकतात. प्लेट चिकटून राहते, म्हणजे वीज पोचतेय आणि आता गॅस नाहीतर हवेचा प्रश्न. प्लेट दर चार-पाच सेकंदाला चिकटते-सुटते, चिकटते-सुटते, म्हणजे बहुतेक गॅस कमी, प्रेशर पडलं की स्विच तोडतो आणि चढलं की जोडतो. आणि प्लेट हलतच नाही, तर वायरिंग किंवा गॅस पूर्ण संपलाय.

हो, बऱ्याच नव्या गाड्यांत क्लचच नसतो, कॉम्प्रेसर कायम फिरतो आणि आतला एक कंट्रोल व्हॉल्व ठरवतो किती गॅस ढकलायचा. तिथं 'टक' ऐकू येणारच नाही, त्यावरून कॉम्प्रेसर मेला असं कुणी म्हणालं तर त्याचा हिशोबच चुकलाय. तो कंट्रोल व्हॉल्व वेगळा मिळतो आणि बऱ्याच कॉम्प्रेसरवर बाहेरून बदलता येतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण तुमच्या गाडीत तसा कॉम्प्रेसर असेल आणि व्हॉल्व अडकला असेल तर लक्षणं हुबेहूब गेलेल्या कॉम्प्रेसरची दिसतात.

प्लेट हलत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच. रिले तपासायचा सोपा उपाय म्हणजे फ्यूजच्या त्याच डब्यात हॉर्नचा किंवा दुसरा कुठला त्याच नंबरचा रिले असतो तो काढून तिथं लावायचा, एसी चालला तर विषय संपला. त्यापुढे क्लचच्या वायरला १२ व्होल्ट येतात का ते मीटरने बघायचं. व्होल्ट येतात आणि प्लेट ओढत नाही तर क्लच. त्याची कॉइल मोजली तर साधारण ३ ते ५ ओहम दाखवते, एकदम अनंत दाखवली तर जळाली. पण कॉइल चांगली असूनही क्लच दगा देतो, तो असा की वर्षानुवर्षं घासून प्लेट आणि पुलीमधली फट वाढते. फट हवी साधारण अर्धा मिमी. ती एक मिमीच्या आसपास गेली की गार असताना कॉइल कशीबशी प्लेट ओढून घेते, पण गरम झाल्यावर तांब्याचा विरोध वाढतो, चुंबक कमजोर पडतो आणि प्लेट सुटते. म्हणजे अर्ध्या तासाने एसी बंद, गाडी थंड झाली की परत चालू. एसीचं बटण चालू पण प्लेट सुटलेली, अशा वेळीच लाकडी काठीने प्लेटला हलका धक्का दिला आणि ती चिकटली तर रोग सापडला. बऱ्याच कॉम्प्रेसरमधे प्लेटच्या मागची एक पातळ वॉशर काढली की फट कमी होते. या एका वॉशरपायी अख्खे कॉम्प्रेसर बदललेले मी बघितलेत, आणि सांगायला लाज वाटते पण धंद्यात नवा होतो तेव्हा एक मी पण बदललाय.

व्होल्टच येत नसतील तर मधे कुणीतरी अडवतंय. सगळ्यात आधी प्रेशर स्विच किंवा सेन्सर. गॅसचा दाब २ बारच्या म्हणजे ३० पीएसआयच्या खाली गेला की तो कॉम्प्रेसर लागू देत नाही आणि ३० बारच्या वर चढला तरी तोडतो. त्याशिवाय इंजिन जास्त तापलं, किंवा इंजिनच्या कॉम्प्युटरला कूलंट सेन्सरचा घोळ वाटला, तरी तो स्वतःहून एसी कापतो, म्हणून स्कॅनर लावून एसीची मागणी पोचते का आणि परवानगी मिळते का हे दोन्ही बघायचं. आणि एक जुगाड अजिबात करू नका, प्रेशर स्विचच्या दोन वायरी जोडून कॉम्प्रेसर जबरदस्तीने फिरवायचा. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नाही म्हणजे तेल परत येत नाही, आणि कोरडा कॉम्प्रेसर काही मिनिटांत स्वतःला खातो. तो स्विच तुमचा कॉम्प्रेसर वाचवतोय, त्याला शत्रू समजू नका.

पंखा : एसी लावला की बहुतेक गाड्यांत पंखा लगेच किंवा थोड्या वेळात सुरू होतो. फिरतोय एवढ्यावर समाधान मानू नका, जोरात फिरतोय का बघा, कारण ब्रश झिजलेली मोटर फिरते पण वारा देत नाही. मग कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारा. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि मधे धूळ, किडे, चिकट तेल यांची गोधडी बसलेली असते. आतून बाहेर, साध्या नळाच्या पाण्याने धुवायचं, प्रेशरच्या पंपाने मारलंत तर पातळ पत्रे वाकतात आणि आहे तो वारापण बंद होतो. इंजिन चालू ठेवून कंडेन्सरवर पाण्याची धार धरली आणि जाळीतली हवा दोन-तीन मिनिटांत चांगली थंड झाली, तर तुमचा प्रश्न गरमी बाहेर न जाण्याचा आहे हे समजायला दाब मोजायचं गेज पण लागत नाही.

आता माझी आवडती परीक्षा, हाताची. इंजिनाच्या मागच्या पत्र्यातून केबिनमधे दोन अॅल्युमिनियमचे पाइप जातात, एक जाड, एक बारीक. पाच-सात मिनिटं एसी चालवून दोन्हींना हात लावा. जाड पाइप गार आणि घामेजलेला हवा, बारीक पाइप कोमट हवा. दोन्ही हवेइतकेच असतील तर गॅस फिरत नाहीये. बारीक पाइपवर मधेच कुठं गार किंवा दव धरलेली जागा सापडली, तर तिथं आत काहीतरी अडकलंय, गॅस अर्धवट तिथंच फुटतोय. कॉम्प्रेसरमधून कंडेन्सरकडे जाणाऱ्या पाइपला मात्र हात लावू नका, तो ७०-८० अंशापर्यंत तापतो, चटका बसतो.

इथपर्यंत सगळं तुम्हाला घरच्या घरी जमेल. पुढचं गेजचं काम, ते जाणकाराकडे, पण त्याने काय बघायला हवं हे तुम्हाला माहीत असलं तर तुम्हाला कुणी गुंडाळणार नाही. आकडे सांगतोय ते आर-१३४ए गॅसचे. गाडी काही तास बंद असताना दोन्ही काटे सारखं दाखवतात, ३० अंश तापमानाला सुमारे ९५-१०० पीएसआय. इथं खूप जण फसतात, 'बघा प्रेशर आहे म्हणजे गॅस भरपूर आहे'. तसं नसतं. आत थोडा जरी पातळ गॅस शिल्लक असेल तरी बंद गाडीत तेवढंच प्रेशर दिसतं, १०० ग्रॅम असो नाहीतर ५००. त्याच तापमानाला ५० दाखवलं तर मात्र जवळजवळ रिकामाच समजा.

इंजिन दीड हजार आरपीएमवर, बाहेर ३५ अंश, तेव्हा साधारण लो साइडला (कॉम्प्रेसरकडे परत येणारी, कमी दाबाची बाजू) ३० ते ४५ आणि हाय साइडला (कॉम्प्रेसरच्या पुढची, जास्त दाबाची बाजू) २०० ते २५० हे तब्येतीत असलेल्या एसीचे आकडे, गाडीगणिक थोडंफार इकडेतिकडे. दोन्ही कमी, गॅस कमी. दोन्ही जास्त, तर गॅस जास्त भरलाय, किंवा आत हवा शिरलीय, किंवा कंडेन्सरला वारा नाही. लो एकदम शून्याकडे किंवा त्याच्याही खाली, म्हणजे रस्ता बंद, एक्सपान्शन व्हॉल्व नाहीतर ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी डबी). काटा मधेच खाली जातो आणि थोड्या वेळाने परत वर येतो, तर आत ओलावा आहे आणि तो व्हॉल्वच्या भोकात गोठतोय-वितळतोय. आणि लो जास्त, हाय कमी, म्हणजे ८० आणि १२० असं काहीतरी, दोन्ही काटे जवळ जवळ आलेले, आरपीएम वाढवलं तरी लांब जात नाहीत, तेव्हा कॉम्प्रेसर दाबतच नाहीये. तुमच्या मेकॅनिकला एवढंच विचारा, गेजवर काय आकडे आले? त्याने हे शेवटचं चित्र बघितलं असेल आणि कंट्रोल व्हॉल्व पण तपासला असेल तर त्याचं म्हणणं मी मान्य करीन. गेज न लावताच सांगितलं असेल तर सोडून द्या.

गॅस जास्त भरणं यावर थोडं बोलायलाच हवं, कारण लोकांना वाटतं जास्त गॅस म्हणजे जास्त थंड. छोट्या गाडीत एकूण गॅसच ४००-५०० ग्रॅम. अंदाजाने १०० ग्रॅम जास्त गेला म्हणजे वीस-पंचवीस टक्के जास्त झाला की. मग कंडेन्सरमधे पातळ गॅस तुंबतो, गरमी सोडायला जागा उरत नाही, हाय प्रेशर चढतं, थंडावा कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण. माझ्याकडे एक गाडी आली होती, तीन ठिकाणी 'टॉप अप' करून. मी सगळा गॅस काढून वजन केलं तर बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्याच्या जवळपास दीडपट निघाला. स्टिकरवर लिहिला होता तेवढाच परत भरला, बाकी काहीच केलं नाही, आणि गाडी बर्फासारखी थंड. म्हणून गॅस गेजच्या काट्यावर भरायचा नसतो, वजनावर भरायचा असतो. ड्रायरच्या काचेत बुडबुडे बघून भरणं ही जुन्या आर-१२ गॅसच्या काळातली पद्धत, आर-१३४ए ला ती लावली की हमखास जास्त भरला जातो.

आता तुमचं मुख्य, लिकेज. गॅस गळतो तिथून थोडं तेल पण येतं आणि तेलावर धूळ बसते. त्यामुळे आधी नुसत्या डोळ्यांनी बघा, प्रत्येक जोडावर, कंडेन्सरच्या जाळीवर, कॉम्प्रेसरच्या पुढच्या तोंडाशी, कुठं काळपट चिकट डाग आहे का. कंडेन्सर सगळ्यात पुढे असल्याने खडे तोच खातो. गॅस भरायच्या तोंडातली पिन, गाडीच्या टायरच्या व्हॉल्वसारखी असते ना तीच, ती पण गळते, टोपण काढून साबणाचं पाणी लावा, बुडबुडा येतो का बघा. ही पिन गळत असेल तर यापेक्षा स्वस्त नशीब नाही. साबणाला न दिसणाऱ्या बारीक गळतीसाठी चमकणारा रंग तेलात टाकून आठ-दहा दिवस गाडी चालवून निळ्या टॉर्चने बघायचं, किंवा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर. डिटेक्टर वापरताना एक ध्यानात ठेवा, हा गॅस हवेपेक्षा बराच जड, खाली उतरतो, म्हणून नळी जोडाच्या खालून आणि अगदी हळू फिरवायची.

बाहेर कुठंच सापडलं नाही तर उरतं कूलिंग कॉइल, आणि ते सगळ्यांनाच नको असतं कारण बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो. पण ते न उतरवता कळतं. गाडी बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि गाडीखाली पाणी ठिबकणाऱ्या नळीच्या तोंडाशी डिटेक्टर धरायचा, वाजला तर कॉइल. रंग टाकला असेल तर त्याच नळीच्या पाण्यात तो चमकतो. तुमचं जे वर्णन आहे, दोन-तीन महिन्यात हळूहळू जाणं आणि दोन मेकॅनिकना बाहेर काहीच न दिसणं, त्यात कॉइल आणि शाफ्ट सील हे माझे पहिले दोन संशयित. शाफ्ट सील निघालं तर तुमचा मेकॅनिक अर्धा बरोबर ठरेल बरं का, कारण बऱ्याच कॉम्प्रेसरचं सुटं सील मिळत नाही किंवा बसवून टिकत नाही.

'व्हॅक्युम मारला (म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढली), अर्धा तास धरला, म्हणजे लिकेज नाही' असं सांगतील, त्यावर जाऊ नका. व्हॅक्युममधे बाहेरून आत फक्त वातावरणाचा दाब असतो, साडेचौदा पीएसआय, आणि तो सीलला उलट्या बाजूने दाबतो. चालू एसीत आतून बाहेर दोनशेच्या वर असतं. मोठं भोक व्हॅक्युमला कळतं, बारीक कळत नाही. त्यासाठी कोरडा नायट्रोजन १५० पीएसआयपर्यंत भरून तासभर काटा बघायचा. टायरवाल्याची हवा भरून टेस्ट करणारे आहेत, ते करू देऊ नका, एक तर त्यात पाण्याची वाफ असते आणि आर-१३४ए दाबाखाली हवेत मिसळला की पेटू पण शकतो.

व्हॅक्युमचं खरं काम वेगळंच आहे, हवा आणि पाणी बाहेर काढणं. पाणी २५ अंशाला उकळायला दाब हवेच्या साधारण तीन टक्क्यांवर आणावा लागतो, म्हणून चांगल्या पंपाने किमान अर्धा-पाऊण तास. पाच मिनिटं पंप घरघरवून लगेच गॅस सोडला तर ओलावा आतच राहतो, तेलात मिसळतो, आणि मग तो गोठणारा-वितळणारा काटा. सिस्टिम कशासाठीही उघडली की ओ-रिंगा म्हणजे जोडांतली रबरी कडी नव्या, आणि बराच वेळ उघडी राहिली असेल तर ड्रायर पण नवा, त्यात काटकसर नको.

कॉम्प्रेसर खरंच गेलाच निघाला, तर नुसता कॉम्प्रेसर बदलून घेऊ नका. जुना काढला की पाइपातलं तेल बोटावर घेऊन बघा. स्वच्छ असेल तर ठीक. काळं असेल किंवा उन्हात चंदेरी चुरा चमकत असेल तर तो चुरा सगळीकडे गेलाय, ड्रायर आणि एक्सपान्शन व्हॉल्व बदलावेच लागतील, आणि आजकालचे चपट्या बारीक नळ्यांचे कंडेन्सर धुवून साफ होत नाहीत, तोही बदलायचा. हे न करता टाकलेला नवा कॉम्प्रेसर तोच चुरा गिळतो. आणि तुमचं लिकेज तसंच ठेवून नवा टाकला तर दोन-तीन महिन्यांनी गॅसबरोबर तेल परत कमी, आणि नव्याची पण तीच गत. तुमचा आताचा कॉम्प्रेसर दीड वर्ष अधूनमधून कमी गॅसवर चाललाय, त्याला थोडी इजा झाली असेल ही शक्यता धरूनच मी सुरुवातीला 'असूही शकतो' म्हणालो.

डब्यात मिळणारं लिकेज बंद करायचं औषध घालू नका. ते हवेला-ओलाव्याला लागलं की घट्ट होतं, कधी भोकाशी, कधी एक्सपान्शन व्हॉल्वमधे, आणि कधी पुढच्या मेकॅनिकच्या मशीनमधे, मग तो तुमच्या गाडीला हातही लावणार नाही. गॅस कुठला ते बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, नव्या बऱ्याच गाड्यांत आर-१२३४वायएफ आहे, त्याची तोंडं वेगळी, थोडा ज्वलनशील, त्यात आर-१३४ए मिसळायचा नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी वरचं बोनेटखालचं काहीच स्वतः करू नये, तिथं कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो, नारिंगी वायरी दिसल्या की हात मागे, आणि तेल पण वेगळं लागतं.

तर तुम्ही आता असं करा. उद्या सकाळी गार इंजिनावर थर्मामीटर लावून पहिली दहा मिनिटं दर दोन मिनिटांनी आकडा लिहून ठेवा, मग जाड-बारीक पाइपला हात, क्लच चिकटून राहतो की सारखा सुटतो ते, पंखा, आणि पुढे गॅसच्या दोन्ही तोंडांना साबण. मेकॅनिककडे गेलात की आत शिल्लक असलेला गॅस आधी मशीनने काढून त्याचं वजन मागा, स्टिकरवरच्या आकड्यातून ते वजा केलं की किती गेला ते कळेल, आणि शेवटचं भरून किती दिवस झाले हे तुम्हाला माहीतच आहे, त्यावरून भोक केवढं असेल याचा अंदाज मी सांगू शकेन.